मॅडम ‘उचल’ म्हणाल्या होत्या

विमान थांबलं तेव्हा ते नाकावर उभं होतं. शेपूट वर, तोंड काळ्या मातीत, म्हैस डबक्यात पाणी प्यायला वाकावी तसं. आत तनुजा पट्ट्याला लोंबकळत होती. समोरच्या काचेत आभाळ दिसायला हवं होतं, तिथं ढेकळं दिसत होती, वाळलेलं गवत दिसत होतं, आणि काचेवरून एक मुंगळा आपल्या कामाला निघाला होता. त्याच्या लेखी काहीच घडलेलं नव्हतं.

पेट्रोलचा वास आला. तिनं उजव्या हातानं आधी इंधन बंद केलं, मग बॅटरी. डावा हात उचलेना. तो मनगटापासून भलत्याच दिशेला बघत होता. मग तिनं मान वळवून उजव्या सीटकडं पाहिलं.

भानुमती मॅडमचे डोळे उघडे होते. ओठ कागदासारखे. त्यांचा उजवा पाय पॅडलांच्या जागी होता, पण पॅडलं जागेवर नव्हती. तिथं नुसता चुरगळलेला पत्रा होता.

“मॅडम! मॅडम, लागलंय का?”

“इंग्लिश,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांची शुद्ध गेली.

तर भानुमती सेलूकर ही बाई अशी होती. पाय चेचलेला असताना, विमान नाकावर उभं असताना, शिकणाऱ्या पोरीनं मराठीत हाक मारली हे तिला खटकलं होतं.

वय छप्पन्न. उंची एवढी बेताची की सीटवर ठेवायला स्वतःची उशी घरून आणत. उस्मानपुऱ्यातल्या घरातून पहाटे स्कूटीवर निघून चिकलठाण्याच्या विमानतळावर सगळ्यांच्या आधी हजर. पंचवीस वर्षं पोरांना उडायला शिकवत होत्या, आणि त्यांच्या हाताखालचं एकही विमान आजवर पट्टी सोडून इकडंतिकडं गेलं नव्हतं. तनुजा नरवडे त्यांच्याकडं आली ती पैठणजवळच्या खेड्यातून, सरकारी शिष्यवृत्तीवर. बजाजनगरला आत्याकडं राहायची. गणितात पक्की, इंग्रजीत कच्ची. पहिल्या दिवशी विमानाला हात लावून तिनं “लई हलकं हाय की हे!” म्हटलं, तेव्हा मॅडमनी चष्मा खाली करून तिच्याकडं पाहिलं होतं.

“बाहेर काय बोलायचं ते बोल. विमानात मराठी नाही. भूक लागली तरी इंग्लिशमध्ये लागली पाहिजे.”

“का पण मॅडम?”

“कारण मराठीत एका शब्दाचे दहा अर्थ. विमानाला एकच कळतो.”

तनुजानं ते शब्द पाठ केले. बाराखडी पाठ करावी तसे, आत्याच्या गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांमधून येरझाऱ्या घालत. ‘आय हॅव कंट्रोल’ असं मॅडम म्हणाल्या की आपले हात सोडायचे, विमान त्यांचं. ‘गो अराउंड’ म्हणाल्या की उतरणं रद्द: उजवा हात पुढं, इंजिनाला पूर्ण ताकद, विमान पुन्हा वर. एकटीनं उडायची परवानगी मिळायला आता तीनच चांगली उतरणी बाकी होती. परवानगी मिळाली की पुढच्या आठवड्यात शेजारची सीट रिकामी असणार होती. तिथं मॅडमची उशी ठेवायची, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं.

त्या मंगळवारी वारा उत्तरेकडून होता. धावपट्टी पूर्व-पश्चिम, विमान पश्चिमेला तोंड करून उतरणार, म्हणजे वारा उजव्या अंगावर आडवा. हे तनुजाला फारसं शिकवावं लागलं नव्हतं. गोदावरीतून बैल पलीकडं काढायचा तर समोरच्या घाटाकडं बघून घालत नाहीत, जरा वरच्या अंगाला तोंड करून घालतात. पाणी त्याला बरोबर खाली घाटावर आणतं. विमानाचंही तसंच. नाक वाऱ्यात धरायचं, तिरकं-तिरकं यायचं, आणि चाकं टेकायच्या क्षणी सरळ करायचं. पहिलं उतरणं झालं. दुसरं झालं. दुसऱ्याला मॅडम “नाइस” म्हणाल्या, आणि मॅडमच्या तोंडचा ‘नाइस’ म्हणजे इतरांचा हारतुरा.

तिसऱ्याला वाऱ्यानं कळ काढली. चाकं टेकता टेकता उजवीकडून एक झोत असा आला की विमान आदळलं, उसळलं, आणि डावीकडं सरकत पुन्हा हवेत अधांतरी लटकलं. तेवढ्यात मॅडम ओरडल्या.

“उचल!”

पुढचं सगळं तनुजाला नंतर हजार वेळा दिसलं. पुढं जायचा उजवा हात मागं आला. उजवा पाय पॅडलाच्या वरच्या भागावर, ब्रेकवर, सगळा जोर देऊन खाली गेला. इंजिन गप्प झालं. विमान परत खाली आलं, आणि उजवं चाक जमिनीला टेकलं ते आवळलेल्या ब्रेकनिशीच. विमान जागच्या जागी फिरलं. डावा पंख धावपट्टीवर घासला, पुढचं चाक मोडलं, आणि दोघी पट्टीच्या कडेच्या मातीत.

असं का केलं? तिला माहीत नव्हतं. हीच तर गोष्ट होती. हात आपला, पाय आपला, आणि दोघांनीही आपल्याला न विचारता हे केलं.

*

जालना रोडवरच्या दवाखान्यात मॅडमच्या पायावर मंगळवारी दुपारी चार तास शस्त्रक्रिया चालली. तनुजाच्या मनगटाला प्लॅस्टर घालून तिला खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात ठेवलं होतं. जिन्यावरून जो कुणी उतरेल त्याला ती एकच विचारी, “मॅडम कशा आहेत?” डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. पाऊल राहतं की काढावं लागतं, ते दोन दिवसांत कळेल.

दोन दिवस. तनुजा बोटांवर तास मोजू लागली. पाऊल गेलं तर मॅडम उडणार कशा? आणि मॅडम उडल्या नाहीत तर मॅडम म्हणजे उरतं तरी काय?

बुधवारी दुपारी विश्वजित सर आले. सर म्हणजे विमान शिकवणाऱ्या शाळेचे मुख्य. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या, स्वभावानं वाईट नव्हेत. फक्त कुठलीही भानगड संध्याकाळच्या आत फाइलला लागली पाहिजे, अशा घडणीचा माणूस. खुर्ची ओढून बसले आणि टाइप केलेला कागद तिच्यापुढं धरला.

“उद्या अकराला दिल्लीहून चौकशीला दोघं येतायत. मॅडमनी सकाळी त्यांचं म्हणणं सांगितलं. हे तुझं. वाच आणि सही कर.”

तनुजानं वाचलं. इंग्रजी सोपं होतं, तिच्यासाठी मुद्दाम सोपं केलं असावं. ‘माझ्या प्रशिक्षकांनी स्पष्टपणे गो अराउंड असा आदेश दिला. मी गोंधळले आणि आदेशाच्या उलट कृती केली.’

“सर, त्या गो अराउंड म्हणाल्या नाहीत.”

“मग?”

“उचल म्हणाल्या.”

सरांनी तिच्याकडं असं पाहिलं जसं तिनं मॅडमना कॉकपिटमध्ये तंबाखू मळताना पाहिल्याचं सांगितलं असावं.

“भानुमती मॅडम? मराठी? तनुजा, त्यांनी मला एकदा कॉकपिटमध्ये ‘अरे वा’ म्हटल्याबद्दल झापलंय. मी त्यांचा साहेब आहे.”

“मी ऐकलं, सर.”

“डोक्याला मार लागल्यावर माणूस काहीही ऐकतो. त्या स्वतः सांगतायत ना, गो अराउंड म्हणाले म्हणून? त्या खोटं बोलतील?”

नाही. हाच तर फास होता. मॅडमनी खोटं बोलणं शक्य नव्हतं. आणि छोट्या विमानात आतलं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र नसतं. आत दोघी होत्या. एकीचा शब्द म्हणजे पंचवीस वर्षांचा शब्द, दुसरीचा वर्षभराचा.

“उचल म्हणाल्या असत्या तरी,” सर जरा मऊ झाले, “उचल म्हणजे वर घे. मग तू ताकद बंद करून ब्रेक का दाबलास? त्याचं काय उत्तर आहे?”

तनुजा प्लॅस्टरवरच्या जाळीकडं बघत राहिली.

“घाबरलीस. शिकाऊ माणूस घाबरतो. सही कर, विषय संपतो.”

“सही केली तर मला परत उडू देतील?”

सरांनी मोबाइल उलटा केला, सुलटा केला. “बघू,” म्हणाले.

‘बघू’ म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. मुलीकडच्या पाव्हण्यांना ‘बघू’ म्हणून निरोप दिला की ते जाताना परत मागं वळून बघत नाहीत. आदेशाच्या उलट वागणारी पोरगी, असा शेरा एकदा कागदावर पडला की कुठल्याही शाळेत, कुठल्याही विमानात तिच्या शेजारी कोण बसणार होतं?

“सहाला येतो. तोवर विचार कर. आणि चौकशी होईस्तोवर वर मॅडमकडं जाऊ नकोस. त्यांना त्रास देऊ नकोस.”

ते गेले. कागद राहिला. तनुजानं डोळे मिटले आणि पुन्हा तो क्षण आणला: झोत, उसळी, आवाज. ‘उचल.’ पुन्हा आणला. या वेळी तिनं मुद्दाम तिथं ‘गो अराउंड’ बसवून पाहिलं. बसलं! अगदी मॅडमच्याच आवाजात बसलं. म्हणजे दोन्ही बसतंय. म्हणजे आपण काय ऐकलं ते आपल्यालाच माहीत नाही. उद्या दिल्लीची माणसं विचारतील, आणि आपण त्यांच्यापुढं आपल्या गुरूचा एक शब्द चोरून दुसरा ठेवणार, तोही त्यांचा पाय चेचलेला असताना.

तिनं पेन मागून घेतला.

*

आप्पा वॉर्डाबाहेरच्या बाकावर कालपासून बसून होते. गोकुळ नरवडे मंगळवारी दुपारच्या एसटीनं पैठणहून आले, ते पिशवीत मोसंबी घेऊन. पोरीच्या हाताला प्लॅस्टर असो की काळजाला, ते मोसंबीच आणणार. आल्यापासून त्यांनी एकदाही ‘कसं झालं’ विचारलं नव्हतं. विमानातलं आपल्याला काय कळतं, ही एक भीती, आणि विचारलं तर पोरगी रडंल ही दुसरी.

तनुजा कागद घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. ते मोसंबी सोलत होते.

“सही कराया सांगतेत व्हय?”

“व्हय.”

“मंग?”

“करते.”

“खरं हाय का त्यात लिव्हलेलं?”

तनुजानं कागदाची घडी घातली.

“मला विमानाचं कळत नाय, माय. पर सही कशाला म्हणतेत ते कळतं. काय झालं ते मला तरी सांग. नाय कळलं तं नाय कळलं.”

मग तिनं सांगितलं. वारा आडवा होता, विमान आदळलं, उसळलं, वाकडं झालं. “आन मॅडम वरडल्या.”

“काय वरडल्या?”

“उचल!”

आणि तनुजानं पाहिलं. आप्पांच्या हातातलं मोसंबी खाली पडलं. त्यांचा उजवा हात बाकाच्या कडेला गेला, तिथं नसलेला दांडा त्यानं धरला आणि मागं ओढला. त्याच दमात उजव्या पायातली चप्पल फरशीवर दाबली गेली. आप्पांना यातलं काही कळलं नव्हतं. ते तिच्या तोंडाकडं बघत होते.

“आप्पा, आत्ता काय केलं तुम्ही?”

“म्या? काय केलं?”

“उचल!” ती पुन्हा ओरडली, बांधाजवळ ओरडतात तशी. नर्स वळून बघायला लागली. हात पुन्हा मागं, पाय पुन्हा खाली.

आता आप्पांनीही आपल्या हाताकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कुणाचा तरी विसरलेला हात आपल्या मांडीवर सापडावा तसं.

तनुजा नववीत असताना आप्पांनी तिला ट्रॅक्टरवर बसवलं होतं. स्वतः मडगार्डवर बसत. नांगरट करत तास, म्हणजे नांगराची ओळ, संपत आलं, समोर बांध आला, की ओरडत, “उचल!” म्हणजे उजव्या हाताचा दांडा मागं ओढायचा, नांगर मातीतून वर येतो. आणि त्याच क्षणी उजव्या बाजूचा ब्रेक दाबायचा. ट्रॅक्टरला दोन्ही चाकांचे ब्रेक वेगळे, उजवा दाबला की ते चाक जागी थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती गर्रकन फिरतो. दोन गोष्टी, पण हाक एकच. चार वर्षं, दर हंगाम, एका दिवसात शंभर वळणं. पोरगी गावातल्या बाप्यांपेक्षा सरस वळवायची. आप्पा पारावर सांगायचे, माझ्या तनूला नुसतं उचल म्हणलं का ट्रॅक्टर फिरला समजा.

“म्हंजी,” आप्पा म्हणाले, “ते म्याच की गं. माझ्याच वरडण्यानं त्या बाईचा पाय...”

“आप्पा, तसं नाय.”

“तसंच हाय. लिव्ह, बापानं चुकीचं शिकवलं म्हणून. माझं नाव घाल त्यात. उद्या इचारलं तं मी सांगतो त्याह्यला.”

“तुम्ही बरोबरच शिकवलं. ट्रॅक्टरला ते बरोबरच व्हतं.”

आप्पा वाकून मोसंबी शोधू लागले. बाकाखाली गडगडत गेलं होतं ते. बराच वेळ ते वाकूनच राहिले, मोसंबी सापडल्यावरसुद्धा.

तनुजाच्या आत मात्र काहीतरी जागेवर आलं होतं. ‘गो अराउंड’ म्हटल्यावर तिचा हात असा मागं गेला नसता. त्या शब्दाला हात पुढंच जातो, गच्चीत कपड्यांमधून फिरताना तिनं तो हजारदा पुढं नेला होता. मागं जायला तो एकच शब्द लागतो. मॅडम ‘उचल’ म्हणाल्या होत्या. तिनं ऐकलं होतं, आणि तिच्याआधी तिच्या हातानं ऐकलं होतं.

पण आप्पांचा हात काही दिल्लीच्या माणसांपुढं पुरावा म्हणून चालणार नव्हता. घड्याळात साडेपाच झाले होते.

*

वरच्या मजल्यावर मॅडमच्या खोलीशी कडूबाई होत्या, वॉर्डातल्या मावशी. कमरेला पदर खोचलेला, तोंडात बहुतेक सुपारी.

“सरांनी कुनाला सोडू नको म्हनलंय.”

“पाच मिनिटं, मावशी.”

कडूबाईंनी तिचं प्लॅस्टर पाहिलं, मग तोंड पाहिलं. “तूच व्हय ती? जा. पर रडायचं आसंल तं भायेर रडून घे. आत नको. बाई चिडती.”

मॅडमचा पाय पट्ट्यांत गुंडाळून लोखंडी चौकटीवर ठेवलेला होता. पुढं फक्त बोटं दिसत होती, आणि त्यांचा रंग पायाच्या बोटांचा नव्हता. मॅडम पलंगात एवढ्याशा दिसत होत्या. उशी नव्हती ना खाली.

“हात कसा आहे?”

“बरा आहे, मॅडम.”

“मला एक सांग.” आवाज बारीक होता, पण धार होती. “काल रात्रभर मी हेच शोधतेय. तुला मी असं कधी शिकवलं? गो अराउंड म्हटल्यावर ताकद बंद? ब्रेक? हवेत असताना ब्रेक?”

“तुम्ही गो अराउंड नाही म्हणालात.”

“मग काय म्हणाले? रामरक्षा?”

“‘उचल’ म्हणालात.”

मॅडमचा चेहरा बंद झाला. दार लोटावं तसा.

“तनुजा, चूक केलीस तर चालेल. मीही केल्यात. पण असलं काही रचू नकोस. माझ्या तोंडून, विमानात, मराठी? तू बाहेर जा.”

“मी रचत नाही, मॅडम...”

“बाहेर जा.”

तनुजाला वाटलं होतं की त्या ऐकतील. सगळ्या जगात एक तरी माणूस ऐकेल, तर त्या. तिनं पलंगाच्या पायथ्याचा कठडा धरला.

“जाते. सहाला सर येतील, मी सही करणार आहे. मी काही मागायला आले नव्हते. तुम्हाला माहीत असावं, एवढंच.”

ती वळणार तेवढ्यात कडूबाई आत आल्या. “सरक गं पोरी. बाई, खालची घडी बदलते आं, जरासं लागंल.” आणि त्यांनी एका हातानं चौकट धरून दुसऱ्या हातानं पायाखालची ओली घडी ओढली. घडी अडकली. चौकट कलली. पाय तसूभर खाली गेला.

मॅडम किंचाळल्या, “उचल! उचल! उचल गं!”

कडूबाईंनी पाय वर धरला. पण पलंगाला पायथ्याकडून एक वेगळाच हिसका बसला. तनुजाच्या उजव्या हातानं कठडा मागं खेचला होता आणि उजवा पाय असा दाबला होता की चपलेचा अंगठा तुटला.

मॅडमचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्या तनुजाच्या हाताकडं बघत होत्या. त्यांच्या शिकवण्याच्या आयुष्यात त्यांनी दुसरं काय केलं होतं? पोरांच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघितलं होतं. तोंड काहीही सांगतं.

“मी आत्ता काय म्हणाले?” त्यांनी हळूच विचारलं.

“उचल म्हनल्या की,” कडूबाई घडी झटकत म्हणाल्या. “आन ‘गं’ बी म्हनल्या. कालपासून आपलं ‘अहो मावशी, अहो मावशी’ चाललं व्हतं. म्हनलं, चला, बाई आपल्यातली निघाली.”

मॅडमनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं, ते दुखण्याचंच असावं.

“हात असा का केलास?”

तनुजानं सांगितलं. ट्रॅक्टर, बांध, आप्पा. दोनतीन वाक्यांत संपलं. मॅडमनी उड्डाणानंतर विचारायच्या तसे प्रश्न विचारले.

“नांगराचा दांडा कुठं असतो?”

“उजवीकडं. मागं ओढायचा.”

“आणि ब्रेक?”

“उजव्या पायाखाली. उजवं चाक थांबतं.”

“आणि वारा उजवीकडून होता.”

“हो.”

“फिरणारच मग.” मॅडम छताकडं बघत राहिल्या. “वर्षभर तुझी मराठी काढत बसले मी. माझी काढायची राहूनच गेली.”

तनुजाला एकदम भीती वाटली. इथवर ती एकाच गोष्टीसाठी तडफडत होती, मॅडमनी आपलं खरं मानावं. आता मानलं, आणि त्याचा अर्थ तिच्यासमोर उभा राहिला. प्रशिक्षकानं ऐन क्षणी नियम मोडला, चुकीचा शब्द वापरला, आणि वेळेवर विमान आपल्या हातात घेतलं नाही. पाऊल वाचलं तरी हे मॅडमचं उडणं वाचू देणार नाही.

“मॅडम, नका ना सांगू. मी सही करते. मला दुसरं काहीतरी मिळेल. बीएस्सी झालंय माझं.”

“कागद कुठंय?”

“मॅडम, मी पाया पडते.”

“पायाचं नाव काढू नकोस. कागद दे.”

तनुजानं घडी केलेला कागद काढला. मॅडमनी चष्मा मागितला, सरांचं सोपं इंग्रजी वाचलं, आणि कागद उलटा केला.

“मागं लिही. माझं म्हणणं. सकाळी जे सांगितलं ते मला आठवत होतं तसं होतं. हे झालं तसं आहे. तुझा उजवा हात चालतो ना?”

चालत होता. कडूबाईंनी औषधांचा ट्रे पालथा करून तिच्या मांडीवर दिला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आत कुणी येऊ नये म्हणून की सगळं ऐकू यावं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

मॅडम सांगू लागल्या. कॉकपिटमधल्या आवाजात, इंग्रजीत, एकेक शब्द मोजून. वाऱ्याची दिशा. वेग. विमान कितव्या फुटावर टेकलं, कसं उसळलं. कुणाला सूट नाही, कुणाला दोष नाही. तनुजा लिहीत होती आणि अक्षरं पाण्यात बुडत होती. ती बाहीनं डोळे पुसून पुन्हा लिहीत होती. मग वाक्य आलं: ‘या क्षणी प्रशिक्षकानं नेहमीचा आदेश न देता असा शब्द वापरला की...’

पेन थांबला.

“काय लिहू, मॅडम? लिफ्ट?”

“मी लिफ्ट म्हटलं नाही.”

“पुल अप?”

“तेही नाही. पुल अप म्हटलं असतं तर तू डाव्या हातातली सुकाणूची काठी ओढली असतीस, चुकीचं असलं तरी दुसरंच काही झालं असतं.” मॅडमनी विचार केला. हुशार बाई, चार देशांत विमानं उतरवलेली. तिला त्या शब्दाला इंग्रजी सापडेना. “मराठीतच लिही.”

“दिल्लीची माणसं आहेत.”

“मग विचारतील. विचारल्यावर तू हात करून दाखव. जमलं तर वडिलांनाही बोलाव.”

तनुजानं लिहिलं. इंग्रजी ओळीच्या मधोमध तीन अक्षरं, डोक्यावर रेघ. ती पानात परक्या गावच्या पाव्हण्यासारखी दिसत होती. खाली मॅडमनी सही केली. आडवं पडून केलेली सही वाकडी आली, ती त्यांना आवडली नाही. त्यांनी शेजारी पुन्हा एक सरळ केली.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. सर वेळेचे पक्के. कडूबाई दारातून म्हणाल्या, “आले बरं का तुमचे कागदवाले.”

तनुजानं पलंगाचा कठडा धरला, या वेळी नुसताच.

“मॅडम, तुम्हाला परत उडू देतील ना?”

मॅडमनी त्या चौकटीवरच्या निळ्या बोटांकडं पाहिलं. हलवायचा प्रयत्न केला असावा, कारण कपाळावर आठी पडली.

“बघू,” त्या म्हणाल्या.